एका दांड्याचे शाफ्ट

सेलूच्या कापसाच्या जिनिंगमधला एक शाफ्ट आणि हिंगणीच्या पिठाच्या गिरणीतला एक शाफ्ट एकाच सकाळी तुटले. सेलूच्या शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांना जुळत नव्हते. हिंगणीचेही जुळत नव्हते. सेलूचा एक तुकडा मात्र हिंगणीच्या एका तुकड्याला असा बसला की मध्ये केसाचीही फट राहिली नाही.

मी धातुशास्त्र शिकलो आहे. १९८७ साली वर्ध्याच्या एका लहान कारखान्यात तपासणीचे काम माझ्याकडे होते. तुकड्यांची अदलाबदल झाली असावी, ही माझी पहिली शंका. पण दोन्ही ठिकाणी जाऊन यंत्रातून तुकडे मीच काढले होते; सेलूच्यांना पांढरा रंग लावला होता, हिंगणीच्यांना तांबडा. तुटलेल्या तोंडांवरचे धातूचे दाणे स्वच्छ, राखाडी होते. जुनी भेग नाही, गंज नाही. उरलेले दोन तुकडे एकमेकांनाही बसत नव्हते.

हे शाफ्ट आमच्याच कारखान्यातल्या प्रेमदास या कारागिराने लेथवर कातले होते. तो तुकड्यांकडे पाहून हसला. "सोयरीक जुळली म्हना साहेब. सेलूची पोरगी, हिंगणीचा पोरगा."

"आणि हे उरलेले दोन?"

"त्याइच्यासाठीबी पाहा मंग एखादं स्थळ."

कारखान्यात त्या वर्षी संगणक आला होता. त्यातला प्रोग्राम मी लिहिला होता. पोलादी दांडा आला की त्याला क्रमांक द्यायचा. त्यातून कापलेला प्रत्येक भाग तोच क्रमांक पुढे वागवी. मी फ्लॉपी घातली. हिरव्या अक्षरांत उत्तर उमटले. दोन्ही शाफ्ट एकाच दांड्याचे होते. त्या दांड्यातून तिसराही शाफ्ट निघाला होता आणि तो विहिरी खोदणाऱ्या डोमाजी ठेकेदाराच्या यारीला, म्हणजे दोराने भार वर ओढणाऱ्या यंत्राला, बसवला होता.

प्रेमदासचे हसू गेले. "माहा भाऊ त्याच यारीनं विहिरीत उतरते, साहेब. आजबी तिथंच गेला हाय."

आम्ही स्कूटरने निघालो. सेलूच्या अलीकडे एका पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात ती यारी उभी होती. दोर विहिरीत गेला होता आणि बादली तळाला टेकली होती. प्रेमदासचा भाऊ बापूराव खालीच होता.

"काऊन रे," खालून आवाज आला, "काम सोडून मले भेटाले आला?"

"दोराले हात लावू नको, दादा!"

त्याला वर ओढायचे तर सगळा भार त्याच शाफ्टवर येणार होता. डोमाजी चिडला. "नवाकोरा शाफ्ट हाय, साहेब. तुमच्याच कारखान्याचा हाय!" प्रेमदासने दुसरा दोर बाभळीच्या खोडाला बांधून आत सोडला. तो धरून, दगडांच्या खाचांत पाय रोवत, बापूराव वर आला.

तो काठावर बसला. यारीवर भार नव्हता. दोर सैल होता.

शाफ्ट तुटला.

बापूराव आपली चप्पल शोधू लागला.

कारखान्यात मी सहाही तुकडे मांडले. यारीचा एक तुकडा हिंगणीच्या मोकळ्या तोंडाला बसला. दोन तोंडे उरली, एक सेलूचे आणि एक यारीचे. ती एकमेकांची नव्हती.

"अजून एक स्थळ?" प्रेमदासने हळूच विचारले.

संगणकात त्या दांड्याचा चौथा भाग नव्हता.

दांडा आम्हाला वासुदेवराव नावाच्या व्यापाऱ्याने विकला होता. त्यांना तो आठवत होता.

"लय लांब होता जी. ट्रकात मावे नाई, म्हणून मधातून कापला. अर्धा तुम्हाले देला."

"दुसरा अर्धा?"

त्यांनी सांगितले.

चौथा शाफ्ट न सापडण्याचे कारण असे. प्रोग्रामने ज्याला मूळ धरले, तो दांडा मूळ नव्हता. तो एका मोठ्या दांड्याचा अर्धा भाग होता. दुसरा अर्धा गावोगावच्या जत्रांत आकाशपाळणा लावणाऱ्या एका माणसाने पाळण्याच्या शाफ्टसाठी नेला. त्याचे नाव वासुदेवरावांनी विचारले नव्हते.