शेजारची सीट

माझ्या धाकट्या मुलीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट.

यातलं काहीही बनवलेलं नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांना खुशाल वाटू दे, वाद घालायचं माझं वय राहिलं नाही. पण भुतं रात्रीच दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरूर वाचावं. मी जे पाहिलं ते भर दुपारी पाहिलं. लख्ख उन्हात. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

मी शिंपी. उभा जन्म मशीनवर गेला, शाळेची पायरी कधी चढलो नाही. अक्षरं मला साठी उलटल्यावर सुनेनं शिकवली, कापडावर खडूनं काढून. ती सून आदल्या वर्षी गेली. आजार मोठा होता आणि लांबला.

तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला, त्यानंतर घरात असून नसल्यासारखा झाला. छापखान्यातलं काम सुटलं. ताट वाढलं तर ताटाकडे बघत बसायचा.

एकदा मी त्याला गच्चीच्या कठड्यावर बसलेला पाहिला. पाय बाहेर सोडून...

मी हाक मारली नाही. मागून जाऊन त्याचा शर्ट घट्ट धरला आणि म्हणालो, "चल खाली. खांद्यावर उसवलाय. टाका घालतो."

तो उतरला.

धाकटीच्या बाळंतपणाला जायला बायको निघाली, तेव्हा दारात मला एवढंच म्हणाली, "नातवंडं कुठे पळून जात नाहीत. तुम्ही ह्याला सांभाळा. एकटं सोडू नका."

म्हणून थोरल्यानं गाडीचं नाव काढलं तेव्हा मला हायसं वाटलं.

हॉस्पिटलात सुनेच्या खाटेजवळ खिडकी होती. तिच्यातून मागच्या बंगल्याचं आवार दिसायचं. तिथे फाटक्या ताडपत्रीखाली एक जुनी स्पोर्ट्स कार उभी होती. लाल, बुटकी, दोनच सीटची. टायर बसलेले, बॉनेटवर वेल चढलेला. सून त्याला म्हणायची, "बरी झाले की ती गाडी घ्या. मला शेजारी बसवून लांब न्या. आणि लवकर परत आणायचं नाही हं."

ती बरी झाली नाही.

बंगल्यात एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहत होत्या. त्यांनी फारसं काही न विचारता गाडी देऊन टाकली. आम्ही टोचन लावून ती घरी आणली.

समोरच्या गॅरेजवाल्याला सगळी गल्ली ग्रीसभाऊ म्हणते. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, दाराखाली बोट घातलं तर बोट पत्र्यातून आरपार गेलं.

"काका, थोरल्यानं याआधी कुठल्या गाडीवर हात बसवलाय?"

"स्कूटरचा प्लग बदलतो."

"म्हणजे पोहायला शिकायचं म्हणून थेट विहिरीत ढकललंत."

पण थोरला उठायला लागला. सकाळी शेडमध्ये जायचा तो अंधार पडल्यावरच बाहेर यायचा. गंज खरवडला, तळाचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडून घेतला. चालकाची सीट पार मागे जाऊन गंजून अडकली होती. तो माझ्यासारखाच ठेंगणा. तेल सोडून, ठोकून ठोकून त्यानं ती पुढे आणली. अडलं की ग्रीसभाऊ यायचा, शिव्या घालून शिकवायचा. महिने गेले. एके दिवशी इंजिन खोकलं आणि चालू झालं. त्या दिवशी थोरल्यानं ताट चाटूनपुसून साफ केलं.

तिकडे जुळ्या अशक्त होत्या, म्हणून बायकोचा मुक्काम लांबत होता. मी फोनवर सांगितलं, "पोरगा माणसांत येतोय."

ती रडली.

मग राहिले ब्रेक.

ब्रेकच्या नळ्यांत हवा राहिली तर ब्रेक लागत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात, एक सीटवर आणि एक गाडीखाली. खालचा म्हणतो "दाब", की वरच्यानं पेडल दाबून धरायचं. खालचा चाकामागचा नट सैल करतो, हवा आणि तेल नळीतून बाटलीत येतं, तो नट परत आवळतो. मग म्हणतो "सोड".

ग्रीसभाऊ म्हणाला होता, "हे लग्नासारखं आहे. खालच्यानं आवळेपर्यंत वरच्यानं सोडायचं नाही."

त्या दुपारी मी सीटवर बसलो. थोरला खाली शिरला. फक्त त्याचे पाय बाहेर दिसत होते. एक चाक झालं. दुसरं चालू होतं. माझा गुडघा कुरकुरायला लागला होता.

इतक्यात घरातला फोन वाजला.

"आलोच रे," म्हणून मी उतरून आत गेलो. बायकोचा फोन होता. एका नातीला ताप होता, तो उतरला म्हणत होती. पाच-दहा मिनिटं गेली असतील.

परत येताना अंगणातच थोरल्याचा आवाज कानावर आला.

"दाब..."

मला वाटलं, ग्रीसभाऊ आला असेल.

"सोड..."

मी शेडच्या दारात पोचलो आणि तिथेच थांबलो.

सीटवर कुणीच नव्हतं.

"दाब..."

पेडल खाली गेलं.

सावकाश. पूर्ण. आणि तिथेच राहिलं.

बाटलीत तेल पडल्याचा आवाज आला. नट आवळल्याचा आवाज आला.

"सोड..."

पेडल वर आलं.

खालून थोरला म्हणाला, "बाबा, गुडघा बरा झाला वाटतं. आता कसं दमदार दाबताय."

मी म्हणालो, "मी इथे आहे. दारात."

थोरल्याचे पाय हलायचे थांबले.

शेडमध्ये काही आवाज नव्हता. पत्रा उन्हानं तडतडतो, तोसुद्धा नाही...

आणि मग, कुणी काही न म्हणता, पेडल परत एकदा खाली गेलं.

मी बसलो होतो तेव्हा सीट पुढे होती. आता ती पार मागे सरकलेली होती.

थोरला खालून सरपटत बाहेर आला. तोंड तेलानं काळं झालेलं. मला वाटलं, ओरडेल, पळेल. तो उठून रिकाम्या सीटकडे बघत राहिला.

आणि हसला. वर्षभरात पहिल्यांदा.

"बाबा," तो म्हणाला, "ती आलीय."

संध्याकाळी ग्रीसभाऊनं ब्रेक तपासला. "एक नंबर. पाय कुणाचा होता?"

मी चहा ठेवायला आत गेलो.

त्यानंतर थोरला शेडमध्ये बोलायला लागला. "पाना दे गं... राहू दे, सापडला." मधेच हसायचा. जेवायचा, झोपायचा. मी बाहेरून ऐकायचो. पोरगा हसतोय याचा आनंद मानावा की भ्यावं, हे कळत नव्हतं.

सीटची कव्हरं मी शिवली. गडद रेक्झिन आणलं, दुहेरी शिवण घातली. दोन्ही सीटवर चढवून हातानं ताणून सपाट केली आणि थोरल्याला बजावलं, "दोन दिवस बसू नकोस. ताण बसू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

शेजारची सीट कोरी होती.

चालकाच्या सीटवर घड्या पडल्या होत्या...

माणूस बराच वेळ बसला की कापडावर त्याचा ठसा उमटतो. उभा जन्म मी तेच बघत आलोय. सून बारीक चणीची होती. तिचा एक अन् एक कपडा मी शिवलाय. तिचं माप मला झोपेतही सांगता येईल.

हा ठसा रुंद होता. खांद्यांचा दाब पार वर, सीटच्या कडेला आला होता. ताडमाड माणसाचा.

मी तडक त्या बंगल्यावर गेलो. बाईंना विचारलं, "गाडी कोण चालवायचं?"

"माझा भाऊ. आता कुठला? ज्या वर्षी गाडी बंद पडली, त्याच वर्षी गेला. घरातच, आजारानं."

"उंच होते?"

"दारातून वाकून यायचा." बाई थोडं हसल्या. "त्याला एकट्याला चालवायला आवडायचं नाही. शेजारी कुणीतरी लागायचंच. पुढे पुढे कुणी बसेनासं झालं."

"फार जोरात चालवायचे का?"

"छे हो. हळू चालवायचा. पण परत यायचं नावच घ्यायचा नाही."

संध्याकाळी मी थोरल्याला समोर बसवलं. सगळं सांगितलं.

"ती नाहीये ती."

"तुम्ही पाहिलंत का कोण आहे ते?"

"नाही. पण माप तिचं नाही."

"बाबा, मेल्यावर माणसाचं माप तेच राहतं का?"

"अरे, तिला गाडी चालवता येत नव्हती."

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "कुणीतरी आहे ना? मी दाब म्हणालो की दाबतंय. मला तेवढं पुरतं."

गाडी काढून घेतली तर कठडा होता. ठेवली तर ते होतं. दोन्हीकडे माझाच पोरगा.

"मग पहिल्या फेरीला मीही येतो," मी म्हणालो.

"दोनच सीटा आहेत, बाबा." तो हे इतक्या मायेनं बोलला की माझे डोळे भरून आले.

सोमवारी सकाळी तो गाडी काढणार होता. मी मनाशी ठरवलं, त्याच्या आधी उठायचं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसायचं. दोन सीटा, दोन माणसं. तिसऱ्याला जागाच ठेवायची नाही.

उजाडताना मी शेडपाशी गेलो.

शेड उघडी होती. रिकामी.

ग्रीसभाऊ गॅरेजचं शटर वर करत होता. मला बघून म्हणाला, "आत्ताच गेला की थोरला. काय गाडी पळते काका. मी हात केला. शेजारच्या सीटवर नुसता हसत बसला होता."

"आणि चालवत कोण होतं?"

ग्रीसभाऊचा हात शटरवरच थांबला.

"काचेवर उजेड चमकत होता," तो म्हणाला. "दिसलं नाही."

गाडी संध्याकाळी सापडली. फार लांब, तळ्याकाठच्या रस्त्यावर. कुठे धडकली नव्हती, एक ओरखडा नव्हता. पेट्रोल संपलेलं. रस्त्याच्या कडेला नीट उभी केलेली, हँडब्रेक ओढलेला.

थोरला शेजारच्या सीटवर होता. हात मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

चालकाची सीट पार मागे सरकलेली होती. तिथे बसून माझ्या मुलाचे पाय पेडलला पोचले नसते.

हे मी पोलिसांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "काका, घरी जा," म्हणाले.

ग्रीसभाऊ अजून येतो, चहा घेतो. त्या सकाळबद्दल आम्ही बोलत नाही. ती गाडी पुढे कुठे गेली, मी विचारलं नाही.

आता मी कामं घेत नाही. मशीन मात्र खिडकीशी तसंच आहे. परवा दुपारी बायको बाजारात गेली होती. मी खाटेवर पडलो होतो...

मशीनचं पायडल खाली गेलं. सावकाश.

मग वर आलं.

मी उठून बसलो. कोण आहे, हे विचारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. विचारलं असतं आणि नको तो निघाला असता तर? थोरल्यानं त्या संध्याकाळी मान का खाली घातली, ते मला परवा कळलं.

मी हळूच म्हणालो, "दाब."

पायडल खाली गेलं.

बायकोला मी हे सांगितलेलं नाही. मशीन विकायचं ती म्हणते. मी नको म्हणतो.

माझी सून हॉस्पिटलात गेली, जुळ्यांच्या जन्माच्या आदल्या वर्षी. माझा थोरला मुलगा त्या सोमवारी गेला, चौतिसाव्या वर्षी. त्याच आठवड्यात जुळ्या पहिल्यांदा आधाराशिवाय बसल्या.