ओ देणारा पियानो

"मार ना हाक!" प्राध्यापकाने भोपूला कोपराने ढोसलं.

"तू मार! घर तुझं, आई तुझी, भूतही तुझंच!"

भर दुपारचे तीन वाजले होते, पण भोपूच्या आत्याच्या कारखान्याची मागची खोली अंधारून आल्यासारखी दिसत होती. ती प्राध्यापकाची, म्हणजे भोपूच्या चष्मेवाल्या आतेभावाची आई; पियानो दुरुस्त करायची. खोलीत तो काळा पियानो उभा होता. पुढची फळी काढलेली, आतल्या तारा फासळ्यांसारख्या चमकणाऱ्या!

भोपूने छाती भरून श्वास घेतला. त्याचं नाव काही उगाच पडलं नव्हतं. "कोण आहेऽऽ?"

त्याचा आवाज थांबला. मग पियानोच्या पोटातून कुणीतरी हळूच ओ दिली... "एऽऽऽ..."

भोपू बाहेर! प्राध्यापक त्याच्याही पुढे! भोपूची बहीण टाचणी मात्र तिथेच उभी राहिली. ती शूर होती म्हणून नव्हे, तिचे पायच हलेनात!

बाहेर आत्या डोक्याला हात लावून बसली होती. पियानो एका म्हाताऱ्या गायिकेचा. ती गेल्यावर घरच्यांनी तो टाचणीच्याच शाळेला दिला आणि आत्याने दोन महिने खपून दुरुस्त केला. पण तीन दिवसांपासून तो हे असं करत होता! सकाळी हमालांनी ती ओ ऐकली आणि ठोकली धूम. आता चार वाजता गाण्याचे सर पुन्हा ट्रक आणणार होते.

"आजही नाही गेला, तर शेजारच्या सुताराला देईन. फळ्या तरी होतील," आत्या म्हणाली. "आणि हे काम मी सोडून देईन."

तेवढ्यात सुताराची करवत किंचाळली. "ईंऽऽऽ!" करवत थांबली, तरी मागच्या खोलीत कुणीतरी बारीक रडतच राहिलं.

टाचणीच्या अंगावर काटा आला. पण तिने कान टवकारले. "अरे, तो करवतीच्याच सुरात रडतोय! मघाशी भोपूच्या सुरात बोलला!"

"तुला काय कळतंय सुरातलं?" भोपू म्हणाला. "तू तर म्यूट!"

खरंच होतं. तिसरीत याच गाण्याच्या सरांनी तिला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून चार वर्षं ती नुसते ओठच हलवत होती. प्रार्थनेला, सहलीच्या बसमध्ये, अगदी न्हाणीघरातसुद्धा! कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकायची, "मला सूर नाही."

"सिद्ध करू या!" प्राध्यापकाने चष्मा वर सरकवला. "वेगवेगळे सूर लावायचे आणि तेच परत येतात का बघायचं. भोपूला एकच सूर येतो. माझा आवाज फुटतोय. राहिलीस तू."

"मी? छे! मला नाही जमणार!"

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. ट्रकवाले काका उंबऱ्यापाशीच थांबले. "मी याला हात लावणार नाही, बाई! मला बायकामुलं आहेत!"

गाण्याचे सरही आत यायला तयार नव्हते. "राहू द्या मग..."

आत्या उठली. "सुताराला बोलावते."

आणि टाचणी खोलीत शिरली!

तिने तोंड उघडलं. सवयीने नुसते ओठच हलले. पियानो गप्प. काळोखात तो कान देऊन वाट बघतोय, असं तिला वाटलं. तिने डोळे घट्ट मिटले आणि...

"आऽऽ."

"आऽऽऽ..." तारांनी ओ दिली.

तिने सूर चढवला. उत्तरही चढलं. मग तिने एकापाठोपाठ तीन सूर लावले. तिन्ही एकमेकांत मिसळून परत आले!

"हे भूत नाही!" ती ओरडली. "चहाडखोर आहे नुसतं! ऐकतंय तेच सांगतंय!"

प्राध्यापक जमिनीवर पालथा पडून पियानोखाली बघत होता. "आई! हे पेडल दाबलेलंच आहे! ही लाकडी पाचर कुणी ठोकली?"

आत्याने जीभ चावली. "अगं बाई! मीच! पेडल दाबलेलं राहिलं की तारांचा आवाज दाबणारे नमद्याचे, म्हणजे जाड लोकरीचे, तुकडे उचललेले राहतात, तारा पुसायला बरं पडतं. पण मग तारा मोकळ्या, कुठल्याही आवाजाने घुमणारच! पाचर काढायची राहिली!"

तिने पाचर उपटली. भोपू बेंबीच्या देठापासून ओरडला. पियानो ढिम्म!

"म्हणजे आम्ही एवढ्याशा ढलपीला घाबरलो?" ट्रकवाले काका पुटपुटले.

सर मात्र टाचणीकडे बघत होते. "तीन सूर अगदी स्वच्छ लावलेस गं! आपल्या समूहगानात का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, नुसते ओठ हलव!"

"मी?" सरांनी कपाळ चोळलं. "अगं, तेव्हा तुझा घसा सुजला होता! त्या एका दिवसापुरतं सांगितलं होतं!"

"मला वाटलं, कायमचं."

"आणि मी पुन्हा विचारलंसुद्धा नाही. चुकलंच माझं."

"अर्धं माझंही, सर. मीही पुन्हा गाऊन बघितलं नाही."

आत्याने तिला जवळ ओढलं. "वीस वर्षं सुरांत काढली मी, पण आज हा पियानो वाचवला तुझ्या कानाने! आणि तुम्हा दोघांनाही शाबास रे!"

पियानो ट्रकवर चढला. तिघंही त्याच्याशेजारी बसले. कोपऱ्यावर ट्रक वळला तशी टाचणी गाऊ लागली, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर! दुसऱ्याच ओळीत वरचा सूर चिरकला. भोपू हसायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिने तो सूर पुन्हा घेतला. या वेळी आणखी मोठ्याने!