एकेचाळीस चिठ्ठ्या

"बाई, जशा असाल तशा खाली या. कपाटातली एक फाईल गेलीय."

एरवी फोनवर अधीक्षकांचा आवाज चढलेला असे. आज तो पार बसला होता. गणितबाईंनी चहा तसाच ठेवला आणि जिना उतरल्या.

गणितबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण सगळं रुग्णालय त्यांना त्याच नावाने ओळखायचं. माणसं कशी वागतात, कुठे चुकतात, यावर संशोधन करणारा एक छोटा विभाग तिथे होता. त्यातले आकडे तपासायचं काम त्यांचं.

रेकॉर्डरूममध्ये अधीक्षक कपाटापाशी उभे होते. बाजूला रेकॉर्डवाले काका कपाळावरचा घाम पुसत होते.

"लाल पट्ट्याच्या अभ्यासाच्या फायली," अधीक्षक म्हणाले. "एक ते चोवीस. सतरा नंबरची नाही. आणि उद्या चौकशी समिती येतेय."

गणितबाईंनी कपाटातली मोकळी जागा पाहिली. नेमकी सतराच.

अभ्यास दोन वर्षांपूर्वीचा. औषधं देताना नर्सला मध्येच कोणी हाक मारली की चूक होते. म्हणून बारा नर्सेसनी औषधं देताना लाल पट्टा घालायचा, म्हणजे त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. बाकी बाराजणींनी नेहमीसारखं काम करायचं. महिनाभर प्रत्येकीने आपली झालेली किंवा होता होता राहिलेली चूक चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा, ती यादी पाकिटात सीलबंद.

निकाल झकास आला होता. पट्टेवाल्यांच्या छत्तीस चुका, बाकीच्यांच्या शहात्तर. अहवालात एवढे दोनच आकडे छापले होते. चुका निम्म्यावर आल्या म्हणून पट्टा सगळीकडे सुरू झाला आणि दुसऱ्या नर्सने औषध पुन्हा तपासण्याची जुनी पद्धत बंद झाली.

नऊ दिवसांपूर्वी एका म्हाताऱ्या शिंप्याला भलतंच इन्सुलिन दिलं गेलं. साखर इतकी उतरली की तो बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला, पण बोलणं अजून अडखळतच होतं. ज्या नर्सने इंजेक्शन दिलं, तिने लाल पट्टा घातलेला होता.

"पाकीट?" बाईंनी विचारलं.

काकांनी पाकीट पुढे केलं. सील जसंच्या तसं.

"चावी कोणी कोणी नेली?"

काकांनी रजिस्टर उघडलं. अपघातानंतर तीन सह्या. सोमवारी संशोधनप्रमुख सर, मंगळवारी मेट्रन, बुधवारी सरांची साहाय्यक.

"तुम्हीच विचारा सगळ्यांना," अधीक्षक म्हणाले. "तुमचा यात काही संबंध नाही."

बाईंनी तिन्ही नावं वहीत उतरवून घेतली.

आधी त्या आपल्या टेबलाशी गेल्या. कॉम्प्युटरवर जुने आकडे होतेच. त्यांनी एकेका नर्सला वगळून हिशोब पुन्हा केला. एकीला काढलं, फरक कायम. दुसरीला काढलं, कायम. सतराव्या नंबरला काढलं, आणि फरक नाहीसा झाला. एकट्या सतरा नंबरच्या एकेचाळीस चिठ्ठ्या होत्या. उरलेल्या अकराजणींच्या मिळून पस्तीस. म्हणजे पट्टा असो नसो, दरडोई तीनच्या आसपास.

हे उत्तर बाईंना नवं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हाच हिशोब केला होता.

सर आधीच वैतागलेले होते. "मी फाईल कशाला पळवू? सगळे आकडे कॉम्प्युटरमध्ये आहेत. कागद गेले तरी निकाल कुठे जातोय?"

"मग कपाट का उघडलंत?"

"समिती येणार म्हणून फायली मोजल्या. चोवीस होत्या."

"आत पाहिलंत?"

"नर्सबाईंचं अक्षर वाचायला मला कुठला वेळ!"

साहाय्यक मुलगी रडवेली झाली होती. ती नोकरीला लागूनच जेमतेम आठ महिने झाले होते. "मी फक्त पाकिटाचं सील बघून आले. सरांनी सांगितलं होतं."

"फायली मोजल्यास?"

"नाही हो. मोजायला हव्या होत्या का?"

मेट्रनबाई आपल्या खोलीत ताठ बसल्या होत्या. तीस वर्षांची नोकरी, एक डाग नाही.

"एक फाईल सापडत नाही," गणितबाई म्हणाल्या. "तुम्ही मंगळवारी गेला होतात."

"जुने ड्युटीचे तक्ते हवे होते."

"अभ्यासाच्या फायली पाहिल्यात?"

"मला काय करायचंय त्यांच्याशी? एक पोरगी सारख्या चुका करत होती, एकेचाळीस चिठ्ठ्या टाकल्या, यात माझा काय दोष? मी माझ्या परीने वॉर्ड सांभाळला."

"बरोबर आहे," गणितबाई म्हणाल्या आणि उठल्या.

दुपारी अधीक्षकांनी गणितबाईंसमोर पाकीट फोडलं. सतरा नंबरची नर्स आता लसीकरणाच्या खोलीत होती. गणितबाई गेल्या तेव्हा ती एका रडणाऱ्या बाळाच्या आईला धीर देत होती. हात धुऊन ती बाहेर आली.

"तुम्ही एकेचाळीस चिठ्ठ्या टाकल्या होत्या. एवढ्या कशा?"

"होता होता राहिलेली चूकसुद्धा लिहा, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना? मी लिहिली. बाकीच्या आठवड्याला एखादी टाकून मोकळ्या व्हायच्या. मला हसायच्या."

"काय लिहायचात?"

"इन्सुलिनच्या दोन बाटल्या. एक लगेच काम करणारं, एक सावकाश. दोन्हींना सारखंच झाकण, आणि फडताळात शेजारी शेजारी. दर पाळीला हात चुकीच्या बाटलीकडे जायचा. तीसेक चिठ्ठ्या तरी त्याच्याच असतील. मेट्रनबाईंना तोंडीही सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझंच लक्ष नसतं. मग माझी इकडे बदली झाली."

"पुन्हा कोणाला सांगितलं नाहीत?"

तिने ओले हात पुसले. "मला वाटलं, चिठ्ठ्या कोणीतरी वाचत असेल."

बाईंना तिच्याकडे बघवेना.

पाच वाजता सगळे अधीक्षकांच्या खोलीत जमले. सर, साहाय्यक, मेट्रन. काका दाराशी.

"फाईल निकाल वाचवायला पळवलेली नाही," गणितबाईंनी सुरुवात केली. "सर म्हणतात ते खरं आहे. आकडे कॉम्प्युटरमध्ये आहेत. मग कागदावर असं काय होतं, जे कॉम्प्युटरमध्ये नाही? मजकूर. आम्ही चिठ्ठ्या मोजल्या होत्या, मजकूर कुठेच चढवला नव्हता."

"कसला मजकूर?" अधीक्षकांनी विचारलं.

"दोन सारख्या बाटल्यांचा. शिंपीकाकांना जी बाटली चुकून दिली गेली, तिचाच. दोन वर्षांपूर्वी, तारखेनिशी लिहिलेला."

काकांनी आणलेलं रजिस्टर गणितबाईंनी उघडलं.

"सोमवारी चोवीस फायली होत्या. मग चावी नेली दोघींनी. फायलींवर नुसते नंबर, आणि यादीचं सील आज दुपारपर्यंत शाबूत. म्हणजे चोवीसातून हवी ती फाईल काढणारं माणूस अक्षर ओळखणारं हवं. ही मुलगी आठ महिन्यांपूर्वी आली. ती नर्स त्याआधीच वॉर्डातून गेली होती. नर्सेसचं अक्षर रोज वाचणारं माणूस एकच." त्या मेट्रनकडे वळल्या. "मेट्रनबाई, मी तुम्हाला एक फाईल म्हणाले होते. कोणती ते सांगितलं नव्हतं. एकेचाळीस हा आकडा अहवालात कुठेच नाही. तो फाईल उघडून चिठ्ठ्या मोजल्याशिवाय तुम्हाला कसा कळला?"

मेट्रनबाईंनी पर्समधून घडी पडलेली फाईल काढली.

"फाडणार होते," त्या हळूच म्हणाल्या. "हात धजावला नाही. पोरीने दोनदा सांगितलं होतं मला. मी तिलाच बोल लावला."

सरांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे प्रश्न मिटला. आपला अभ्यास ठीक आहे."

"नाही," गणितबाई म्हणाल्या. "अजून एक गुन्हेगार आहे."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पट्ट्याने चुका निम्म्यावर आल्या, हे खोटं आहे. माझ्या पद्धतीने प्रत्येक चिठ्ठी वेगळी, स्वतंत्र घटना धरली. शहात्तर चुका शहात्तर ठिकाणी झाल्यासारख्या. पण त्यातल्या एकेचाळीस एकाच बाईच्या हातच्या होत्या. जो निकाल एका माणसाला वगळताच कोसळतो, तो निकालच नव्हे. मी हे तेव्हाच करून पाहिलं होतं. तो कोसळला होता."

"मग बोलला का नाहीत?" अधीक्षक.

"सर अहवालाची वाट बघत होते. सगळे खूश होते. मी मनाशी म्हटलं, आकडा तर खरा आहे, मी काही लबाडी केलेली नाही. एकेचाळीस हा टायपिंगचा घोळ असेल म्हणून मी फाईल उघडली. चिठ्ठ्या मोजल्या. बरोबर भरल्या आणि मिटून ठेवली. एकही वाचली नाही." त्यांनी समोरची फाईल जवळ ओढली. "वेगळा आकडा दिसला की दोन गोष्टी करायच्या असतात. निकाल त्याच्या एकट्याच्या खांद्यावर उभा ठेवायचा नाही, आणि तो वेगळा का, हे जाऊन विचारायचं. मी दोन्ही केल्या नाहीत. पहिली केली असती तर दुसऱ्या नर्सकडून होणारी तपासणी बंद झाली नसती. दुसरी केली असती तर बाटल्या वेगळ्या झाल्या असत्या."

सर खिडकीकडे वळले. मेट्रनबाईंनी मात्र पहिल्यांदाच मान वर करून गणितबाईंकडे पाहिलं.

अधीक्षकांनी दोघींकडूनही लेखी जबाब घेतला. बाटल्या त्याच संध्याकाळी वेगवेगळ्या फडताळांत गेल्या. दुहेरी तपासणी उद्यापासून सुरू, असा हुकूम निघाला.

सही करून गणितबाई दुसऱ्या मजल्यावर गेल्या. त्यांना तिकडे जायला कोणी सांगितलं नव्हतं. शिंप्याची बायको खाटेशेजारी बसून नवऱ्याकडून शब्द वदवून घेत होती. दार. खिडकी. सुई. सुईपाशी त्याची जीभ अडत होती.

बाईंनी तिला बाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं, काही न गाळता. तिला आकड्यांतलं फारसं कळलं नाही, पण नेमकं हवं ते कळलं.

"म्हणजे तुम्ही तेव्हा बोलला असतात, तर हे झालं नसतं?"

नक्की सांगता येत नाही, शक्यता कमी झाली असती, असं उत्तर बाईंच्या ओठांवर आलं. वीस वर्षं त्या असंच बोलत आल्या होत्या, आणि ते चूकही नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या.

शिंप्याची बायको वळली, आत गेली आणि पुन्हा नवऱ्याशेजारी बसली. गणितबाई दारातच उभ्या राहिल्या. आत या, असं त्यांना कोणी म्हटलं नाही, आणि त्या तिथून निघूनही गेल्या नाहीत.