आहे धरून

बसा. बंदूक तिथे भिंतीला टेकवून ठेवा, पिशवीतून काढू नका. चहा घ्या, गप्पा मारा, पण तिला मी हात लावणार नाही. चष्म्याच्या दुकानातला तो माणूस जुन्या छऱ्याच्या बंदुका नव्यासारख्या करून देतो, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार. करायचो. का सोडलं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही घरी जाऊन म्हणाल, माणूस भलताच आखडू आहे.

हा नाद मूळचा माझ्या दादाचा. तो लेथवर काम करून निवृत्त झालेला, मी आयुष्यभर काचा घासणारा. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं घरामागच्या या खोलीत बसायचो. गंजलेली नळी घासायची, आतली स्प्रिंग बदलायची, पिस्टनचा चामडी वायसर तेलात मुरवायचा, लाकडी दस्त्याला मेण चोळायचं. संध्याकाळ कधी व्हायची कळायचंसुद्धा नाही. यांनी एकमेकांशीच लग्न करायला हवं होतं, असं आमच्या बायका म्हणायच्या.

त्यात एक जात फार वाईट. नळीखाली लांब लोखंडी दांडा असतो. तो खाली ओढला की आतली स्प्रिंग दबते, सिलिंडर मागे सरकतो आणि छरा ठेवायला एक फट उघडते. स्प्रिंगला एक छोटासा खटका अडवून ठेवतो. खटका झिजलेला असेल आणि तुमचं बोट फटीत असताना सुटला, तर सिलिंडर पुढे येतो आणि बोट जागेवर राहत नाही. म्हणून दांडा हातात घट्ट धरल्याशिवाय फटीत बोट घालायचं नाही. जुन्या बंदुकीचा दांडा एका हाताला आवरत नाही. त्यामुळे आमच्याकडे बंदूक बाकावर आवळून, एकाने दोन्ही हातांनी दांडा धरायचा आणि दुसऱ्याने छरा घालायचा, अशी रीत होती. छरा घालणारा विचारायचा, “धरून आहेस?” दुसरा म्हणायचा, “आहे धरून.” हे उत्तर कानावर आल्याशिवाय दादाने कधीही बोट पुढे केलं नाही. त्या बाबतीत तो फार काटेकोर होता.

तरी दादाची तीन बोटं गेली. भर दुपारी, त्याच्या स्वतःच्या घरात. तो एकटाच होता आणि मी तेव्हा दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होतो. जखम चिघळली, विष अंगात भिनलं आणि दादा गेला.

काही दिवस उलटल्यावर वहिनी ती बंदूक चादरीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आल्या. बसल्यासुद्धा नाहीत.

“भाऊजी, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचारा ना वहिनी.”

“त्या दिवशी तुम्ही घरी आला होतात का?”

मला आधी कळलंच नाही. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “शुद्धीवर आले की हे एकच म्हणायचे. तो म्हणाला ना, आहे धरून... मग सोडलं कशाला त्याने?”

मी त्यांना परोपरीने सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण नजर काही वर केली नाही. मला ते फार लागलं. सख्ख्या भावाच्या मरणाचा संशय माझ्यावर! मी मनाशी ठरवलं की ही बंदूक उघडायची, झिजलेला खटका काढायचा आणि वहिनींच्या तळहातावर ठेवून सांगायचं, बघा, हा गुन्हेगार.

बंदूक उघडली. खटका अगदी धडधाकट होता. भिंगाखाली धरला, उजेडात फिरवला, कानसही लावून पाहिली. झीज म्हणून नाही. मी नवी स्प्रिंग घातली, सगळं पुन्हा जोडलं आणि फटीत काहीही न घालता कितीतरी वेळा दांडा ओढून पाहिला. खटका हूं की चूं करत नव्हता. तरीही खोलीत जळक्या तेलाचा वास यायला लागला. जास्त तेल घालून बार काढला की येतो तसा. बार तर मी काढलाच नव्हता.

माझी लेक दातांची डॉक्टर व्हायला शिकते. सुट्टीला आली होती. “बाबा, काकांची बंदूक आपण दोघं मिळून पुरी करू,” म्हणाली. मला नाही म्हणवेना. एकटं बसायला आता नकोसं वाटत होतं, हेही खरं. त्या दुपारी ती दादाच्या स्टुलावर बसली. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, बसलं की कायम डुगडुगतं. तिने माझं डोक्याला बांधायचं भिंग दोन्ही डोळ्यांवर ओढलं होतं. ते लावलं की समोरच्या वीतभर जागेखेरीज काही दिसत नाही. तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली.

“मी येईपर्यंत हात लावायचा नाही,” मी बजावलं.

“नाही हो. मी काय लहान आहे?”

दारात शेजारचे मास्तर होते, चष्म्याची काडी मोडली म्हणून आलेले. मी ओट्यावर उभा राहून ती काडी वाकवत होतो. मागच्या खोलीतलं सगळं खिडकीतून, बाजूच्या बोळातून तिथे ऐकू येतं. दांडा ओढल्याचा आवाज आला. मग खटका बसल्याचा. मला वाटलं, पोरगी ऐकत नाही. मग तिचा आवाज आला, अगदी सहज.

“बाबा, धरून आहात ना?”

आणि आतून उत्तर आलं.

“आहे धरून.”

तो माझा आवाज होता. मास्तरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खिडकीच्या दिशेने पाहिलं. उरलेला चष्मा त्यांच्या हातातून खाली पडला.

मी कसा पळालो मला आठवत नाही. “हात काढ! हात काढ आधी!” एवढंच ओरडत होतो. दारात पोचलो तेव्हा ती दचकून मागे सरत होती आणि त्याच क्षणी दांडा फाडकन वर आला. बाकाजवळ तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिच्या तर्जनीचं नख आणि खालची थोडी कातडी तेवढी गेली. क्षणभर उशीर झाला असता तर... नको. ते मी मनातसुद्धा आणत नाही.

बोटातून रक्त ठिबकत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांवरचं भिंग तसंच.

“बाबा, तुम्ही सोडलंत का?”

“मी इथे नव्हतो गं. मी ओट्यावर होतो. मास्तरांना विचार.”

“तुम्हीच तर मागे येऊन दांडा ओढलात... तुमचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.”

मास्तरांनी शपथेवर सांगितलं तेव्हा तिला पटलं. निदान ती तसं म्हणाली. सुट्टी संपायच्या आतच परत गेली. फोनवर नीट बोलते, पण इथे होती तेवढे दिवस मी मागे येऊन उभा राहिलो की तिच्या अंगावर शहारा यायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बापाला यापेक्षा वाईट काय असतं?

वहिनींकडे मी मास्तरांनाच घेऊन गेलो. त्या ऐकत होत्या आणि रडत होत्या. “म्हणजे यांनी खरंच ऐकलं होतं,” एवढंच म्हणाल्या. बंदुकीचे मी तुकडे केले, दांडा करवतीने कापला आणि सगळं भंगारात दिलं. या खोलीत आता अडगळ असते. घरात ते दोन शब्द कुणी उच्चारत नाही. काही धरायचं असेल तर आम्ही आधी वळून बघतो, मग हात सोडतो.

एवढंच असतं तर तुमची बंदूक मी कदाचित घेतली असती.

परवा संध्याकाळी इथला दिवा गेला. मी ते दादाचं स्टूल ओढलं आणि वर चढलो. एका हाताने दिवा फिरवतोय, दुसरा भिंतीला. मी काही विचारलं नव्हतं. खालून बायकोचा आवाज आला.

“आहे धरून.”

मी म्हटलं, बरं झालं आलीस. आणि मग समोरच्या झरोक्यातून मला अंगण दिसलं. बायको तिथे दोरीवरचे कपडे काढत होती.

मी खाली पाहिलं नाही. दुसरा हातही भिंतीला लावला. जळक्या तेलाचा वास येत होता. किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे. शेवटी बायको कपडे घेऊन आत आली. “अहो, वर काय करताय? पडाल ना!” म्हणत धावली आणि तिने दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

तेव्हा कुठे ते डुगडुगायला लागलं.