एकतीस खिळ्यांची फळी

ताटलीत चार टोमॅटो. दोन लाल, दोन हिरवेगार.

भिंतीला टेकवलेली प्लायवूडची फळी. तिच्यावर एकतीस खिळे, खिळ्यांवर वायर एकही नाही.

स्टिअरिंगच्या नळीत अडकलेला बोटभर वायरचा तुकडा. कापडी वेष्टणाचा, हिरवा.

गॅरेजचं कुलूप नसलेलं दार.

बॉइडच्या वहीत शुक्रवारपर्यंत एवढंच जमलं होतं. "दिसेल ते लिही, डोकं चालवू नकोस," असं इनेझ क्रेब्सनं बजावलं होतं. ती त्याची चुलतबहीण. दोघं मिळून खासगी तपास करत. म्हणजे तपास ती करी आणि गाडी तो चालवी.

सुरुवात बुधवारी झाली. गावातला एकुलता एक ऑटो इलेक्ट्रिशियन ड्वेन रेमर टोपी हातात घेऊन आला.

"व्हर्लिन स्टकींच्या त्रेपन्न सालच्या पिकअपचं जुनं वायरिंग चोरीला गेलं, मॅडम. फळीवर खिळ्यांना अडकवून ठेवलं होतं, त्याच मापानं नवीन बांधायला. काल संध्याकाळी जेवून परत येतो तर फळी रिकामी."

"महागाचं होतं?" बॉइडनं विचारलं.

"उंदरांनी खाल्लेलं. काम झालं की भंगारात टाकणार होतो, स्टकींना तसं सांगितलंही होतं. शेजारच्या वेल्डिंग मशीनला मात्र हात लावलेला नाही."

"मग एवढं तोंड का उतरलंय?"

"त्यांची मुलगी लॉर्ना कॉफीच्या दुकानात सांगत सुटलीय की मीच विकलं. शनिवारी ट्रक विचिटाच्या गॅरेजात नेणार म्हणते. माझ्याकडे हत्यारं आहेत आणि नाव आहे. हत्यारं परत घेता येतात."

गॅरेजमध्ये इनेझ फळीसमोर बराच वेळ उभी राहिली. जुन्या वायरींवर चिकटपट्टीचे तुकडे होते, कुठली वायर कशाची ते लिहिलेले. चोरानं तो मजकूर नव्या पट्ट्यांवर उतरवून खिळ्याखिळ्याशी लावला होता. पुढे वायरचा रंगही लिहिला होता. 'हॉर्न, तपकिरी.'

"सभ्य चोर," बॉइड म्हणाला.

"कामाची काळजी असलेला चोर." तिनं स्टिअरिंगच्या नळीत बॅटरी मारली. "ड्वेन, हा तुकडा कशाचा?"

"हॉर्नचाच. फळीवरची वायरही अशीच हिरवी होती."

भंगारवाला ओटिस त्यांना पाहून हसलाच. "तांबं मिळालं की मी सोलतो, बाई. पट्ट्यांवर निबंध लिहीत बसत नाही."

लॉर्ना धान्याच्या कोठाराच्या कचेरीत होती. "मला काय करायचंय ते जुनं वायरिंग घेऊन? आईला जाऊन दोन वर्षं झाली. डॅड त्या बंद ट्रकमध्ये बसून जेवायचे. मला त्यांना बाहेर काढायचंय."

"त्या हिरव्या फायलीत काय असतं?" इनेझनं मध्येच विचारलं.

लॉर्नानं सहा फायलींतली हिरवी ओढली. "पावत्या. का?"

"सहज."

व्हर्लिन स्टकी ओसरीवर बसले होते. त्यांनी ताटली पुढे केली. "घ्या, सगळे पिकलेत. आत्ताच तोडले."

बॉइडच्या वाट्याला हिरवा आला. भिडेखातर त्यानं तो संपवला.

"वायरिंग तुम्हीच करायचात?" इनेझनं विचारलं.

"हात माझे. बायको, आर्डिथ, बॅटरी धरायची, वायर कुठली ते सांगायची, लिहून ठेवायची."

"आता ते गेलं."

"उंदरांनी खाल्लेलंच होतं," म्हातारा बागेकडे बघत म्हणाला.

शुक्रवारी दुपारी इनेझनं सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं.

"तांब्यासाठी चोरी झाली असती तर पट्ट्या लिहायला कोणी थांबलं नसतं. ट्रकचं वाईट व्हावं असं वाटणाऱ्यानंही लिहिल्या नसत्या. चोराला ट्रक सुरू व्हायला हवा होता आणि जुन्या वायरीही हव्या होत्या. त्या भंगारात जाणार हे त्याला माहीत होतं. पण त्यानं हिरव्याला तपकिरी लिहिलं. लॉर्ना हिरवी फाईल अचूक काढते. ड्वेनला रंग दिसले नसते तर हा धंदाच जमला नसता. ओटिसला ट्रक चालो न चालो, सारखंच. उरतो तो माणूस, ज्याला हे रंग वेगळे दिसत नाहीत, ज्याला वायर कुठली हे बायको सांगायची आणि ज्यानं बॉइडला कच्चा टोमॅटो पिकलेला म्हणून खाऊ घातला."

"तरीच," बॉइड पुटपुटला.

ड्वेन म्हाताऱ्याकडे वळला.

"मागायचं तरी," तो म्हणाला. "असंच दिलं असतं."

"काय म्हणून मागायचं?" व्हर्लिन म्हणाले. "आम्ही एक रात्र वेगळे राहिलो नाही. पत्रं कोण कुणाला लिहिणार? सामानाच्या याद्या मी दुकानातच टाकून यायचो. तिचं अक्षर तेवढंच उरलंय. हॉर्न. डावा मागचा दिवा. 'व्हर्ल, याला हात लावू नकोस.' तुझं काम अडू नये म्हणून उतरवून ठेवलं. तुझ्यावर आळ येईल हे सुचलं नाही, पोरा. आला तेव्हा तोंड उघडवेना."

"कुठे ठेवलंय, डॅड?" लॉर्नानं विचारलं.

"पलंगावर. तिच्या बाजूला."

लॉर्ना खिळ्यांकडे बघत राहिली. मग ड्वेनला म्हणाली, "ट्रक इथेच राहू दे. उद्या सकाळी कॉफीच्या दुकानात ये. सगळ्यांसमोर सांगते, मी चुकले म्हणून."

"येतो. कॉफी तू पाजायची."

लग्नाआधी आर्डिथ गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती; कुठली वायर कुठे लावायची हे तिला तिथपासूनच ठाऊक होतं.