बासष्ट गुणांचा चिरूट

चिरूट पेटवताना राजश्री सुर्वेला दोन गोष्टी खटकल्या. काडीच्या ज्योतीची कड क्षणभर हिरवी झाली. आणि चिरुटाचं वरचं पान, जे बोटांना मऊ लागायला हवं, ते भाजलेल्या पापडासारखं तडकलं.

तिने एक झुरका घेतला, तोंडात घोळवला, सोडला. दुसऱ्या झुरक्याला घसा खरवडून निघाला. तिसरा तिने घेतलाच नाही. समोरच्या कार्डावर आकडा टाकला: बासष्ट.

रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावरच्या त्या हॉटेलात, धूम्रपानाच्या काचबंद खोलीत, तीन परीक्षक बसले होते. एक हॉटेलचा मालक अजिंक्य शेट्ये. परदेशी चिरूट मागवून विकणं हा त्याचा जोडधंदा. दुसरी संस्कृती देवधर, मुंबईच्या एका हॉटेलसमूहासाठी माल घेणारी. तिसरी राजश्री. नाव बघून कोणी गुण देऊ नयेत म्हणून चिरुटांवरच्या पट्ट्या काढून नुसते क्रमांक लावले होते. हाताने वळलेल्या चिरुटाची पारख अशीच होते. आधी वास, मग न पेटवता ओढ, म्हणजे हवा किती सहज खेचली जाते ते, मग राख किती टिकते ते, आणि चव शेवटपर्यंत कशी बदलत जाते ते.

राजश्रीने बासष्ट दिलेल्या त्या तीन क्रमांकाला अजिंक्यने साठ दिले होते, संस्कृतीने अठ्ठावन्न. मग हॉटेलचा व्यवस्थापक नितेश याने नाव वाचलं. ऋतिका पालेकर, हर्णे.

सगळ्यांनी वळून राजश्रीकडे पाहिलं. याच ऋतिकाच्या याच चिरुटाला राजश्रीने उन्हाळ्यात ब्याण्णव दिले होते, तेही स्वतःच्या वेबसाइटवर, सगळ्या जगासमोर. त्या ब्याण्णवांवर विसंबून तर संस्कृती मुंबईहून आली होती.

अजिंक्यला आयतीच संधी मिळाली. तो हसत हसत म्हणाला, आपल्या भागातल्या मुलीचं कौतुक समजू शकतो, पण आता मॅडमनी सगळ्यांसमोर सांगून टाकावं की ते ब्याण्णव चुकले.

"नाही सांगणार," राजश्री म्हणाली.

"मग आजचे बासष्ट चुकले?"

"तेही नाही. दोन्ही आकडे माझे आणि दोन्ही खरे. मधे काहीतरी झालंय. ते काय, ते मी शोधते."

राजश्री दाभोळची. प्रवासी जहाजांवरच्या चिरुटांच्या दालनात तिने अर्धं आयुष्य काढलं. परत आली तेव्हा गावाने तिचं नाव चिरूटबाई ठेवलं आणि चुलत्यांनी बोलणं टाकलं. यावर या बाईने काय करावं? तिने रोज संध्याकाळी जेटीवर, सगळ्या गावाच्या देखत, एक चिरूट ओढायला सुरुवात केली. बघणारे बघून बघून कंटाळले, ती कंटाळली नाही. गुण वाढवावेत म्हणून एका कंपनीने भेटवस्तू पाठवली, तर त्या वस्तूचा फोटो वेबसाइटवर टाकून तिने ती परत धाडली. तिने दिलेला आकडा खरा असतो, एवढीच तिची पुंजी होती, आणि आज त्या पुंजीलाच कोणीतरी हात घातला होता.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ऋतिकाचं तर सगळंच पणाला लागलं होतं. घरच्या जाळ्यांच्या खोलीत चार बायकांना हाताशी धरून तिने चिरूट वळायला घेतले होते. संस्कृतीशी होणारा सौदा फिसकटला तर काका खोली परत घेणार होते आणि तिच्यासाठी डोंबिवलीचं स्थळ तयारच होतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. राजश्रीला ते बरं वाटलं.

संस्कृतीने घड्याळ पाहिलं. तिची दुसरी कामं निघाली म्हणून रविवारची ही परीक्षा आधीच शुक्रवारवर ओढलेली होती. जेवण होईपर्यंत थांबते, ती म्हणाली.

राजश्रीने तीन क्रमांकाचा न पेटवलेला चिरूट उजेडात धरला. सगळ्यात आधी तो बदललेला आहे का, हे पाहायला हवं होतं. चिरुटाचं तोंड बंद करताना ऋतिका पानाच्या टोकाला एक बारीक गाठ मारायची. जाळं विणणाऱ्या घरातल्या बोटांची ती सवय होती.

"गाठ कुणाची?"

"माझीच," ऋतिका म्हणाली. "बाबांनी जाळ्यावर शिकवलनी, तीच. चिरूट माझेच हायत, ताई. पण मी दिले तेव्हा असे नव्हते."

म्हणजे माल तोच होता, हाल मात्र कोणीतरी केले होते. चिरुटाच्या पेटवायच्या टोकाला, उघड्या तंबाखूत, पांढरी भुकटी दिसत होती. अजिंक्यने लांबूनच निदान केलं: बुरशी. श्रावण चालू आहे, घरगुती मालाला बुरशी येणारच.

राजश्रीने टोकावर हलकी फुंकर मारली. भुकटी उडाली आणि टेबलाच्या काळ्या काचेवर पसरली. तिने खिशातलं भिंग लावलं. पांढऱ्यात मधे मधे कोंड्याचे तांबूस कण होते.

"बुरशीला ओल लागते, शेट्ये," ती म्हणाली. "हा तर कडकडीत वाळलाय."

बाहेर समुद्र खवळलेला होता. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. रत्नागिरीत या दिवसांत मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, अंगणातले कपडे घरात आणले तरी आंबूस राहतात. अशा हवेत चिरूट उघडा पडला तर फुगतो. मग हा वाळला कसा?

शेजारच्या खोलीत कॅरम होता. राजश्री उठून तिकडे गेली, बोर्डावरची पावडर चिमूटभर घेऊन आली आणि पेटत्या काडीवर सोडली. ज्योत हिरवी झाली. कॅरमवर बोरिक पावडर टाकतात, हे सगळ्यांना माहीत होतं. ती जळताना हिरवी दिसते, हे त्या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं.

ऋतिका तडक अजिंक्यकडे वळली. काल रात्री उशिरापर्यंत कॅरम कोण खेळत होतं, ते सगळ्या हॉटेलने पाहिलं होतं. अजिंक्यचा चेहरा पडला. नितेश तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, शांत राहा, ताई बघतायत ना. तो पहिल्यापासून तिच्या बाजूचा. या परीक्षेत तिला उतरवलं ते त्यानेच. राजश्रीला परीक्षक म्हणून बोलवायला आषाढात तोच दाभोळला आला होता. हात हलवत जाऊ नये म्हणून हेदवीहून घरच्या शेतातले तांबूस उकडे तांदूळ घेऊन आला होता. ते तांदूळ तीनदा धुतले तरी पाणी पांढरंच येत होतं, पण भात गोड झाला होता. आजही बिचारा आईला बरं नाही म्हणून रात्री हेदवीला गेला होता आणि सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने, नखशिखांत भिजून, परीक्षेला हजर झाला होता.

चिरूट ठेवायचं कपाट खोलीच्या कोपऱ्यात होतं. काचेचं दार, आत सुवासिक लाकूड, ओलावा दाखवणारा काटा अडुसष्टवर. बाकीच्या स्पर्धकांचे चिरूट त्याच कपाटात होते आणि हाताला लोण्यासारखे मऊ लागत होते. ऋतिकाची लाकडी पेटीही आत जागेवर होती. किल्ल्या दोन, एक अजिंक्यकडे, एक नितेशकडे.

राजश्रीने दोघांना एकेकटं बाहेरच्या व्हरांड्यात बोलावलं. आधी मालकाला.

"ऋतिकाची पेटी तुम्ही उघडली होतीत?"

"मी कशाला उघडू? माझं लक्ष माझ्या मालावर."

"तुमचं जेवणखाण?"

"हॉटेलातच. वरच राहतो. तुम्हाला तांदळाचा भाव सांगू का आता?"

"सांगा, कुठले घेता?"

तो वैतागला, पण बोलला. पांढरा कोलम, बाजारातून. आठवड्याला पोती येतात आणि आठवड्यात संपतात.

"शेवटचं. ते कपाट काय काम करतं?"

"हे तुम्ही मला विचारता?" अजिंक्य दुखावला. "ओलावा एकसारखा राखतं. जानेवारीत हवा कोरडी पडते तेव्हा मी आत पाणी ठेवतो. चिरूट वाळला की मेला."

मग नितेश आला. त्याने विचारायच्या आधीच सांगितलं की पेटी आली त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने कपाटात ठेवली आणि रोज काटा पाहिला.

"तू इथे कधीपासून आहेस?"

"जूनपासून. पाऊस लागला नि मी लागलो."

"आणि ते कपाट काय काम करतं?"

"दमटपणा खेचतं ना, ताई. बाहेर एवढी ओल, आत बघा कसं कोरडं. नायतर या दिवसांत पानं कुजून जातील."

राजश्रीने मान हलवली. तिला वाईट वाटलं. ती आत आली आणि उभ्यानेच बोलायला लागली.

"चिरूट वाळवले कोणी, हा प्रश्न आपण चुकीचा धरला. शेट्येंना हा माल बिघडवायचा असता, तर त्यांनी काय केलं असतं? पेटी नुसती खिडकीत उघडी ठेवली असती. श्रावणाने बाकीचं काम केलं असतं, आणि बुरशी ऋतिकाच्या नावावर गेली असती. इथे वाळवणं कठीण, कुजवणं सोपं. मग कोणी एवढे कष्ट घेऊन वाळवले का? तर नाही. हे चिरूट कोणी बिघडवले नाहीत. कोणीतरी ते जिवापाड जपले."

नितेशचा हात खिशातल्या किल्लीवर गेला.

"कोकणात पावसाळ्यात मोलाची वस्तू आपण कुठे ठेवतो? चुलीमागच्या उबेत, तांदळाच्या पिंपात खुपसून. आणि वर्षभराच्या तांदळाला कीड लागू नये म्हणून काय लावतो? बोरिक पावडर. टोकावर सापडली ती हीच. कॅरमची पावडर असती तर तिच्यात तांबूस कोंडा नसता. हॉटेलचे तांदूळ पांढरे आहेत आणि आठवड्यात संपतात, त्यांना कोण पावडर लावणार? किल्ल्या दोघांकडे. त्यातला एकच घरचे तांदूळ खातो. नितेश, तू दिलेलं पोतं माझ्या घरी अजून आहे. ते पाणी पांढरं का येत होतं, ते मला आज कळलं."

"ताई, तांदळाला पावडर सगळेच लावतात," नितेश म्हणाला.

"लावतात. पण चिरूट कोरडा ठेवायचा असतो, असं ज्याला वाटतं तोच त्यांना तांदळात ठेवील. शेट्येंनी या कपाटात जानेवारीत पाणी ठेवलंय. तू फक्त पावसाळ्यातलं कपाट पाहिलंस. बाहेर ओल, आत कोरडं. तुला वाटलं, याचं कामच वाळवायचं. आता बोल. कशासाठी नेलेस?"

नितेश ऋतिकाकडे पाहू शकत नव्हता. खाली बघून तो हळूहळू बोलला. गोव्याच्या एका दलालाला त्याने सांगितलं होतं की हे चिरूट आपणच वळतो. शनिवारी नमुने घेऊन जायचे होते. चिरूट काढून रिकामी पेटी त्याने कपाटात तशीच ठेवली होती. रविवारच्या परीक्षेसाठी तिच्यात स्वस्तातले दुसरे चिरूट टाकणार होता. पट्टी काढलेल्या मालात कोणाला काय कळणार, असा त्याचा हिशेब. पण परीक्षा अचानक शुक्रवारवर आली, स्वस्तातले अजून पोचले नव्हते, म्हणून रात्री हेदवी गाठून ऋतिकाचे चिरूट परत आणावे लागले.

"आई आजारी नव्हती तर," राजश्री म्हणाली.

"नाय." मग तो म्हणाला, "पण एक पान फाटू दिलं नाय मी, ताई."

ऋतिका त्याच्यासमोर गेली. वाटलं, हात उचलणार. तिने उचलला नाही.

"तूच मला म्हणालास ना, बिनधास्त ये," ती म्हणाली. "तुला एक चिरूट तरी वळता येतो काय रे? माझी गाठ तरी मारून दाखव."

तिने हात पुढे केला, तेव्हा त्याने किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. खरं तर ती अजिंक्यला द्यायची होती.

मग अजिंक्य पुढे सरसावला. झालं ते वाईट झालं, पण हॉटेलच्या नावाचा प्रश्न आहे, हे आपसातच मिटवू, असं त्याचं म्हणणं पडलं. राजश्रीने ते पुरतं ऐकून घेतलं.

"मी सगळं लिहिणार," ती म्हणाली. "बासष्ट दिले तेही, कसे पडले तेही, आणि तुम्ही लांबून बुरशी सांगितलीत तेही. मघाशी मला सगळ्यांसमोर बोलायला लावत होतात ना? आता बोलते."

मग तिने गाडीतून आपली प्रवासातली छोटी पेटी आणली. ज्या चिरुटाला गुण दिले, त्यातले दोन ती नेहमी राखून ठेवायची. पुढे चव कशी पिकते हे पाहायची तिची पद्धत होती. ऋतिकाचे उन्हाळ्यातले दोन त्यात होते. एक तिने संस्कृतीला दिला, एक स्वतः पेटवला. ज्योत पिवळीच राहिली, पान तडकलं नाही. राख लांब, घट्ट, पांढुरकी धरत गेली. संस्कृतीने जेवायला उठायचं नाव काढलं नाही. अर्धा चिरूट झाल्यावर तिने ऋतिकाला विचारलं, बाकीचा माल इथे कधी पोचवाल?

"इथे नाय," ऋतिका म्हणाली. "दुसऱ्याच्या कपाटात माझा माल आता ठेवणार नाय. तुम्ही हर्णेला या. वळताना बघा, मग घ्या."

संस्कृतीने क्षणभर विचार केला आणि मुंबईला फोन लावून परतीचा बेत पुढे ढकलला.

राजश्रीने नवीन कार्ड घेतलं आणि आकडा लिहिला. ऋतिकाने मान वाकडी करून तो वाचला. नव्वद.

"ताई, दोन कुठे गेले?"

"ओढ जरा घट्ट झालीय. मधल्या पानाला हात हलका ठेव."

"आज तरी ब्याण्णव ठेवायचे होते. त्यांच्या नाकावर टिच्चून."

"नव्वदच टिच्चून आहेत," राजश्री म्हणाली. तिने ते कार्ड बासष्टच्या कार्डाशेजारी ठेवलं, दोन्हींचा फोटो काढला, आणि उरलेला चिरूट घेऊन सगळ्यांच्या देखत हॉटेलच्या पुढच्या पायऱ्यांवर जाऊन बसली.