नऊ जणींच्या ओळी

या खटल्यातून व्हर्ना टॅकेटला मिळण्यासारखं फार थोडं होतं. खून झालेली डीना रॅटलिफ तिच्या नात्यातली नव्हती, खून करणारा वेड मलिन्सही नव्हता. वेड जन्मभरासाठी आत गेला, तर व्हर्नाच्या पदरात दोनच गोष्टी पडणार होत्या. एक म्हणजे शांत झोप, आणि दुसरी म्हणजे नणंदेवर मात. दुसरीची गोडी जरा जास्तच होती, हे ती स्वतःशी कबूल करायची.

नणंद ओपल समोरच्या टेकडीवर राहायची आणि दुपारी हमखास यायची.

"उघडलं का कोर्ट? जजसाहेब खोळंबले असतील तुझ्यासाठी."

"बस आणि शेंगा मोड."

"मला एक सांग, नवरा गेल्यावर बायका विणकाम करतात. तुला खुनीच का लागतो?"

खटला फोनवर थेट दिसायचा. तो एकत्र बघणाऱ्या बायकांच्या गटाचं नाव होतं 'मागचा ओटा', आणि व्हर्ना त्याची कारभारीण. कोण कुठून बघतंय याची सकाळी हजेरी व्हायची: केंटकीच्या डोंगरातल्या बऱ्याच जणी, ओहायोची मार्ज, टेक्सासची टेसी. कुणी चुकीची अफवा टाकली की व्हर्ना ती पुसून टाकायची. कोण खरी हळहळते आणि कोण नुसती दिसण्यापुरती, हे तिला लिहिण्यावरून कळायचं. निदान तिला तसं वाटायचं.

वेड दोषी ठरला होता. आता उरली होती शिक्षा, आणि तीही ज्युरीच ठरवणार होती. वीस वर्षं, किंवा कधीच न सुटणारी जन्मठेप. डीनाची चार वर्षांची पोर आता मावशीकडे, कॉर्लिसकडे वाढत होती, व्हर्नाच्याच खोऱ्यात. "सुटलो की पोर न्यायला येईन," असं पोरीचा बाप वेड पोलिसांच्या गाडीत बसताना ओरडला होता, आणि ते अख्ख्या खोऱ्यानं ऐकलं होतं.

डीनाबद्दल ज्युरीला सांगू शकेल असं रक्ताचं माणूस एकच होतं, कॉर्लिस. आणि बहिणीचं प्रेत सापडल्या दिवसापासून कॉर्लिसच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डॉक्टरांनी घसा तपासला, घसा ठणठणीत होता. सरकारी वकील म्हणाले, लिहून दिलेला कागद चालणार नाही. साक्षीच्या खुर्चीत बसून जे बोललं जाईल, तेवढंच ज्युरीच्या कानावर जाईल.

शुक्रवारी कॉर्लिसनं ज्युरीपुढे म्हणायची नऊ वाक्यं गटावर टाकली. खाली लिहिलं होतं, 'हे माझ्याच्यानं होणार नाही.'

युक्ती व्हर्नाचीच. त्यांच्या जुन्या चर्चमध्ये हातात पुस्तक घेऊन कुणी गात नाही. एक वडीलधारा ओळ देतो, मग सगळी मंडळी तीच ओळ संथ सुरात परत म्हणतात. म्हातारी, अडाणी, रडवेली, कुणीही त्या ओळीला धरून गाऊ शकतं.

"आपण कॉर्लिसला ओळी देऊ," व्हर्नानं लिहिलं.

रविवारी दुपारी नऊ जणी व्हिडिओवर जमल्या. प्रत्येकीला एक वाक्य. कॉर्लिस तिच्या चौकटीत ओठ मिटून बसली होती, मांडीवर पोर. आवाज घुमू नये म्हणून सगळ्यांनी माईक बंद ठेवले. पाळी आली की उघडायचा, वाक्य म्हणायचं, पुन्हा बंद. ओहायोच्याच बोनिटानं, जी गटात सगळ्यांच्या आधी रडायची, हट्टानं पोरीबद्दलचं वाक्य मागून घेतलं. तिचे ओठ हलले, ऐकू काहीच आलं नाही. 'नेट गंडलं माझं,' तिनं लगेच लिहिलं, 'पण मी म्हटलं हं मनापासून.'

शेवटचं वाक्य व्हर्नाचं होतं. ते म्हणताना तिला विहिरीच्या पाण्यासारखं काहीतरी गार घशातून वर गेल्यासारखं वाटलं. शब्द तोंडातून गेले, पण स्वयंपाकघरात उमटले नाहीत. पायाशी झोपलेला कुत्रा उठला आणि ओपलच्या खुर्चीखाली जाऊन बसला.

ओपल सफरचंदं सोलत होती. "आपल्यात दिलेली ओळ मंडळी परत म्हणतात. इथं कोण म्हणालं?"

"माईक बंद होते. घुमतं ना."

"मग ओळी गेल्या कुठं?"

"तू सोल."

'घसा कोरडा पडलाय,' टेसीनं लिहिलं. 'माझाही,' मार्जनं लिहिलं. उद्याची धास्ती, असं म्हणून सगळ्या हसल्या.

सोमवारी कॉर्लिस साक्षीच्या खुर्चीत बसली. निळा झगा, हातात घडी घातलेला रुमाल. वेड टाय सारखा करत होता. ती गप्पच राहणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या गालातल्या हसण्यावरून दिसत होतं. जज म्हणाले, "सावकाश होऊ दे, बाई." गटावरची अक्षरं थांबली.

बाकावर कुणीतरी खाकरलं.

मग कॉर्लिसनं तोंड उघडलं.

"माझी बहीण डीना सगळ्यांच्या आधी उठायची."

आवाज जाड, रेंगाळणारा होता. टेक्सासचा.

दुसरं वाक्य घोगरं आलं. मधे बारीक शीळ वाजली, मार्जच्या पडलेल्या दाताच्या फटीतून वाजते तशी.

व्हर्नाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिसरं. चौथं. एकेक आवाज तिच्या ओळखीचा. खुर्चीत बाई एकच.

बोनिटाच्या वाक्यापाशी कॉर्लिस अडखळली. काही येईना. वेडनं टायवरचा हात काढून मान वर केली.

"तिची लेक," ती म्हणाली, "आता माझ्या कुशीत झोपते."

हा आवाज बारीक होता, गंजलेल्या बिजागरीसारखा. हा कुणाचाच नव्हता. म्हणजे कॉर्लिसचाच होता.

ज्युरीतल्या एका म्हाताऱ्यानं चष्मा काढला.

मग उरलेली. आणि मग शेवटचं.

"त्याला परत आमच्या दारात येऊ देऊ नका."

व्हर्ना फोनमधून स्वतःला ऐकत होती. शेवटी येणाऱ्या तिच्या कोरड्या ठसक्यासकट.

ओपलच्या हातातली सुरी टेबलावर पडली. "व्हर्ना, ही तू आहेस."

'मी इथं आहे,' व्हर्ना म्हणाली. ओठ तेवढे हलले.

ज्युरी संध्याकाळच्या आत परतली. जन्मठेप, सुटका कधीच नाही. वेडला बेड्या घालून नेताना कॉर्लिस त्याच्याकडे बघत उभी राहिली, शेवटपर्यंत. 'मागच्या ओट्या'वर अक्षरांचा पूर आला. खोऱ्यात बायका अंगणात येऊन पातेली बडवू लागल्या, चर्चची घंटा वाजली, गाड्यांचे भोंगे वाजले. व्हर्नानं ओपलला कमरेला धरून स्वयंपाकघरभर गरगर फिरवलं. ओपल हसत होती, रडत होती. "जिंकलीस गं बाई, जिंकलीस," ती म्हणत होती. उत्तर आलं नाही, हे त्या संध्याकाळी दोघींनीही मनावर घेतलं नाही.

आवाज गेलेल्या आठही जणींचे घसे डॉक्टरांनी तपासले. ठणठणीत. कुणी कुरकुर केली नाही. कॉर्लिस आता दुकानात घासाघीस करते, चर्चमध्ये गाते, खळखळून हसते, आणि एकदा हसते तशी पुन्हा हसत नाही. झोपताना पोर गोष्टीसाठी आवाज मागते. "आज शीळवाली." व्हर्नानं तिला पाटीवर लिहून दाखवलं, 'राहू दे तुझ्याकडेच. मला असा किती लागतो?' आणि ते खरं होतं. तिला शांत झोप लागत होती.

बोनिटा मात्र रोज संध्याकाळी गटावर व्हिडिओ टाकते. आपण पोरीचं वाक्य कसं काळजातून दिलं ते सांगते, गोड, स्वच्छ आवाजात. बाकीच्या ऐकतात. खाली कुणी काही लिहीत नाही.

थंडी पडल्यावर व्हर्नानं स्वतःचा आवाज ऐकायला एक जुनी कॅसेट लावली. नवऱ्यानं, हार्लननं, गंमत म्हणून कधीतरी टेप केलेली, याच स्वयंपाकघरातली. तव्यावर काहीतरी चरचरत होतं. घड्याळ टिकटिकत होतं.

"आणि मग तू त्याला काय म्हणालीस?" हार्लननं विचारलं.

व्हर्नाच्या उत्तराच्या जागी नुसता तवा चरचरत राहिला.

मग हार्लन हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, तरी तो हसतच राहिला.

ओपलनं उठून टेप बंद केला.

ओळी नऊ जणींनी दिल्या, असं 'मागच्या ओट्या'वर अजून सांगतात. भरपाई केली आठ जणींनी, आणि हार्लननं, ज्याला कुणी विचारलंच नव्हतं.